वाळवीने अर्धा खाल्लेल्या फोटोतून आजोबांचा पूर्ण चेहरा एआय परत आणेल का?

चेहरा येईल, पण तो आजोबांचाच असेल असं नाही. ही मॉडेलं असंख्य चेहरे पाहून शिकलेली असतात. कपाळ-डोळा दिसला की नाक-हनुवटी अंदाजाने भरतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या धूसर फोटो स्पष्ट करणाऱ्या एआय मॉडेलला ओबामांचा धूसर फोटो दिला, तर त्यातून चक्क गोरा माणूस निघाला!

आमच्या इंदूरच्या घरी पणजोबांचा फोटो असाच ‘दुरुस्त’ केला. पगडी झकास आली, पण आत्या म्हणाली, “हे कोण रे?”

चेहरा समोरून असेल तर आधी शाबूत बाजू आरशासारखी उलटवून जोडा. तेवढी तरी त्यांचीच असते. नंतर काका-आत्यांना दाखवा. मूळ स्कॅन मात्र वेगळा जपून ठेवा.