पोहताना शेवटच्या 50 मीटरला मुलीचे हात भरून येतात, कोणतं सप्लिमेंट द्यावं?

मुलगी 15 वर्षांची, वजन 52 किलो, शाळेआधी आणि संध्याकाळी असा दोन वेळा सराव. 200 मीटर फ्रीस्टाइलच्या शेवटी हात उचलत नाहीत, म्हणून जिममधल्या ओळखीच्यांनी व्हे, बीसीएए, क्रिएटिन आणि प्री-वर्कआउट (सरावाआधी घ्यायची उत्तेजक पावडर) अशी पावडरींची यादी दिली, असं तुम्ही लिहिलंय. चारांपैकी एकही डबा आत्ता घेऊ नका. आधी तिच्या दोन सरावांमधलं खाणं बघा.

सकाळच्या सरावात स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा बराच उतरतो. बेळगावात बहुतेक मुलं तलावावरून घरी येतात, चहा-बिस्किटं खाऊन शाळेला पळतात आणि नीट जेवतात ते थेट दुपारी. मग संध्याकाळी अर्ध्या रिकाम्या स्नायूंनी पाण्यात उतरतात. पाण्याबाहेर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तिच्या पोटात 50 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि 15 ग्रॅम प्रथिनं जायला हवीत. दोन केळी आणि अर्धा लिटर दूध एवढ्यात हे भागतं. दूध पचत नसेल तर दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर उप्पीट. दिवसभरात 310 ते 400 ग्रॅम कर्बोदकं लागतील. जोंधळ्याच्या एका मध्यम भाकरीत 35-40 ग्रॅम असतात, यावरून ताटाचा अंदाज घ्या. संध्याकाळच्या सरावाआधी दीड-दोन तास पोहे किंवा चटणीशिवायच्या इडल्या द्या. भुईमुगाच्या शेंगा पौष्टिक खऱ्या, पण त्यांतलं तेल पोटात रेंगाळतं, म्हणून त्या रात्रीच्या जेवणात. पाण्यातही घाम येतो, फक्त कळत नाही. बाटली तलावाच्या काठावरच हवी.

प्रशिक्षकांकडून दर 50 मीटरची वेळ लिहून घ्या. पहिला टप्पा उडीमुळे जलद असतोच, पुढचे तीन जवळपास सारखे पडायला हवेत. पहिल्या 100 मध्येच ती जीव तोडून पोहत असेल तर स्नायूत आम्लता लवकर साठते आणि हात जड होतात. हा वेगाच्या आखणीचा प्रश्न आहे, पावडरीचा नव्हे.

पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये मला सगळ्यात जास्त शंका लोहाची येते. नुसतं हिमोग्लोबिन पाहून थांबू नका. ते ठीक असतानाही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, खाली असू शकतो. लॅबमध्ये दोन्ही तपासा, शाकाहारी असाल तर बी-12 सुद्धा. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही, तो तासभर पुढे ढकला आणि उसळीवर लिंबू पिळा. गोळ्या मात्र रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दिल्या तरच.

आता डब्यांविषयी. व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन. तिला दिवसाला 75-85 ग्रॅम प्रथिनं लागतील, ती दूध, डाळ, अंडी, पनीर यांतून पूर्ण होत असतील तर व्हेची गरज नाही. बीसीएए म्हणजे काही अमिनो आम्लं, ती त्याच प्रथिनांत असतात, वेगळे पैसे कशाला? क्रिएटिनचा मोठ्या स्प्रिंटरना छोट्या, जोरदार सेटमध्ये खरंच फायदा होतो (रोज 3 ते 5 ग्रॅम), पण पाणी धरल्याने किलो-दीड किलो वजन वाढतं. 18 पूर्ण होण्याआधी क्रीडावैद्यकाच्या देखरेखीशिवाय नको. प्री-वर्कआउट तर अजिबात नको. एका चमच्यात 200-300 मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं; संध्याकाळी घेतलं की झोप गेली, आणि झोप गेली की सकाळचा सराव गेला. प्री-वर्कआउटने अंगाला मुंग्या येतात त्या त्यातल्या बीटा-अलानिन या घटकाच्या. पोरांना वाटतं औषध लागू पडलं, पण ते रोज काही आठवडे घेतल्यावरच काम करतं.

यापेक्षा मोठी भीती डोपिंगची आहे. डब्यावर न छापलेला बंदी असलेला पदार्थ लघवीत सापडला, तरी नियमाने जबाबदार खेळाडूच. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर म्हणजे डोपिंगमुक्तीचा दाखला नव्हे. पुढे कधी काही घ्यायचं ठरलंच, तर इन्फॉर्म्ड स्पोर्टसारख्या कार्यक्रमात बंदी असलेल्या पदार्थांसाठी तपासणी झालेल्या बॅचचंच घ्या, बिल आणि डबा जपून ठेवा.

बेंगळुरूला राज्य स्पर्धेसाठी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने जाणार असाल तर शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचाल असं निघा. हीट (प्राथमिक फेरी) आणि फायनलमध्ये दोन-तीन तास असतील तर केळी, गुळाचा खडा, दहीभात. कुंद्यासारखी मिठाई परतीच्या गाडीत.