केंब्रिजला नोकरी, सॉस्टनला घर: जमेल का?

तुमचा प्रश्न असा: ॲडनब्रूक्स हॉस्पिटलात नोकरी लागली आहे, केंब्रिजची भाडी झेपत नाहीत, मुलगी दहा वर्षांची आहे, तर दक्षिणेला असलेल्या सॉस्टन या खेड्यात राहावं का, की तिथे सगळंच गैरसोयीचं असेल? मी इथेच राहते, म्हणून लिहिते.

खेडं म्हणून बिचकू नका. वस्ती सात हजारांच्या आसपास आहे. नगरपालिका नाही, पॅरिश कौन्सिल (आपल्या ग्रामपंचायतीसारखी) आहे, पण रोजचा किराणा, औषधं, सलून, पब, फिश अँड चिप्स हे सगळं हाय स्ट्रीटच्या आसपास पायी मिळतं. दवाखानाही गावातच आहे. आल्या आल्या तिथे नाव नोंदवून टाका, आजारी पडायची वाट पाहू नका. कचऱ्याचे काळे, निळे, हिरवे डबे कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचे हे शेजाऱ्यांना विचारा. ओळख व्हायलाही तेवढं निमित्त पुरतं. कढीपत्ता नि पोह्यांसाठी मात्र केंब्रिजचा मिल रोड गाठावा लागतो.

मुलीचं वय पाहता तुम्ही सर्वांत आधी बघायला हवी ती शाळा. १९२० च्या दशकात इथली खेड्यातली बहुतेक मुलं चौदाव्या वर्षापर्यंत गावच्याच शाळेत बसायची आणि मग थेट कामाला लागायची. पुढे शिकायचं तर शहर, आणि शहरात गेलेलं पोर परत येत नसे. केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९२४ मध्ये यावर तोड सुचवली: दिवसा मुलांची माध्यमिक शाळा, संध्याकाळी त्याच इमारतीत मोठ्यांचे वर्ग, शिवाय वाचनालय आणि सभागृह. तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून त्यांनी देणग्या मिळवल्या. १९३० मध्ये सॉस्टन व्हिलेज कॉलेज सुरू झालं, या प्रकारचं पहिलंच. उद्घाटनाला प्रिन्स ऑफ वेल्स आले होते. पुढे बॉटिशम, लिंटन, इम्पिंग्टन इथेही अशी कॉलेजं निघाली. इम्पिंग्टनच्या आराखड्यात तर खुद्द वॉल्टर ग्रोपियस या नामवंत वास्तुविशारदाचा हात. माझ्या मते या भागात राहण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. सॉस्टनचं कॉलेज म्हणजे आजही ११ ते १६ वयाच्या मुलांची, फी नसलेली शाळा आहे. सोळानंतर मुलं बहुधा केंब्रिजला जातात. सप्टेंबरच्या प्रवेशासाठीचा अर्ज आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत कौंटी कौन्सिलकडे करायचा असतो. ही तारीख चुकवू नका.

इतिहासाची आवड असेल तर सॉस्टन हॉल आहे, पण तो खासगी मालकीचा. १५५३ मध्ये इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड वारल्यावर गादीवर हक्क सांगणारी त्याची बहीण मेरी ट्यूडर विरोधकांपासून पळत असताना हडलस्टन कुटुंबाकडे इथे एक रात्र राहिली. ती निघून गेल्यावर विरोधकांनी घर जाळलं. राणी झाल्यावर तिच्या मदतीने ते पुन्हा उभं राहिलं. गवळणीच्या वेषात निसटली वगैरे लोक रंगवून सांगतात, ते तेवढ्यापुरतंच ऐका. मला त्याहून आवडते ती जॉन हंटिंग्डनची गोष्ट. १५५४ च्या मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं की दोन एकरांत वाटाणा पेरायचा आणि गावातल्या गरिबांनी तो तोडून न्यायचा. त्याच्या नावाची संस्था आजही गावातल्या अडलेल्यांना मदत करते.

गाव निव्वळ शेतीवर कधीच नव्हतं; कागद आणि चामड्याच्या धंद्यावर बऱ्याच घरांची चूल पेटायची.

आता येण्याजाण्याचं. गावात रेल्वे स्टेशन नाही. जवळचं व्हिटल्सफर्ड, साधारण दोन मैलांवर; तिथून लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटला थेट गाडी आहे. हॉस्पिटलला बसने किंवा सायकलने जाता येतं. सायकलवाल्यांना ग्रेट शेल्फर्डपासून हॉस्पिटलपर्यंत चांगली वाट आहे, आणि तिच्यावर बीआरसीए२ या, स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकाचा क्रम १०,२५७ रंगीत पट्ट्यांनी रंगवलेला आहे. रात्रपाळी असेल तर घर ठरवण्याआधी शेवटच्या बसची वेळ नक्की तपासा. ती जुळत नसेल तर गाडी घ्यावी लागेल, आणि मग भाड्यात वाचलेले पैसे तिच्यातच जातील.