फिस्टुलाचं ऑपरेशन होऊन महिना झाला, तरी वडिलांच्या मानेतला डायलिसिस कॅथेटर का काढत नाहीत?

कारण हातातला फिस्टुला (ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर) अजून सुया टोचण्याइतका तयार झालेला नसतो, तोवर मशीनला रक्त मिळायची वाट म्हणजे मानेतला कॅथेटरच, म्हणजे शिरेत घातलेली नळी. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. मशीनला मिनिटाला साधारण 300 मिली रक्त लागतं, हाताच्या साध्या शिरेतून एवढं येतच नाही, म्हणून कॅथेटरचं टोक पार हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं आणि आत दोन वेगळे मार्ग असतात, लाल क्लॅम्पच्या बाजूने रक्त मशीनकडे जातं, निळ्या बाजूने साफ होऊन परत येतं. फिस्टुलाची शीर फुगून जाड व्हायला दीड-दोन महिने तरी जातात, शुगरवाल्यांना कधी जास्तही, आणि दोन्ही सुया लावून काही डायलिसिस नीट पार पडले की मगच कॅथेटर काढतात, नाहीतर फिस्टुला चालला नाही तर पुन्हा नवा घालायची वेळ येते. मात्र थंडी वाजून ताप आला (डायलिसिस चालू असताना तर नक्कीच) किंवा ड्रेसिंगखाली पू दिसला तर त्याच दिवशी युनिटला कळवा, इन्फेक्शन असेल तर कॅथेटर आधीच काढावा लागू शकतो. आणि त्याची टोपणं घरी कुणीच उघडायची नाहीत.