पाय आपटणारा टॉम

प्रश्न: दादा नमस्कार, मी दर शनिवारी कॉलेज रोडच्या एका कॅफेत गिटार घेऊन गातो आणि गाताना पाय आपोआप आपटला जातो. मालक म्हणतो फरशी फोडशील, खालचा दुकानदार वेगळाच ओरडतो. मित्र म्हणाला कॅनडात एक जण असा पाय आपटूनच फेमस झाला. खरंय का फेकतोय?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: खरंय रे बाबा. टॉम कॉनर्स त्याचं नाव, पण सगळे स्टॉम्पिन टॉमच म्हणायचे, म्हणजे पाय आपटणारा टॉम. जन्म १९३६ चा, लहानपण हालात, दत्तक गेला प्रिन्स एडवर्ड आयलंड या कॅनडातल्या बेटावर, तिथून पळाला आणि मग कितीतरी वर्षं गिटार अडकवून लिफ्ट मागत देशभर फिरला. १९६४ ला टिमिन्स या खाणींच्या गावात एका हॉटेलच्या बारमधे गेला तर बिअरला पाच सेंट कमी पडले, बारवाला म्हणाला गाणी म्हण, बिअर देतो, आणि तिथेच चौदा महिने टिकला गडी!

आता पायाचं. बारमधे हा गलका, त्यात ताल धरायचा म्हणून बुटाची टाच दणादण आपटायची, मग फरशीवरून तुझ्यासारखीच कटकट. त्याने काय केलं, प्लायवूडची फळीच सोबत ठेवली. फळीचे पार ढलपे उडायचे, झिजली की दुसरी.

पण नुसत्या पायाने कोण ऐकतं? त्याची गाणी गावांची, कामगारांची. १९६९ चं ‘बड द स्पड’ म्हणजे बेटावरचे बटाटे भरून निघालेला ट्रक ड्रायव्हर, आपल्याकडे लासलगावचा कांदा भरून कसारा घाट उतरणारा असतो ना, तसाच. ‘द हॉकी सॉंग’ (बर्फावरच्या हॉकीचं बरं का) १९७३ चं, पण स्टेडियममधे गाजलं ते नव्वदच्या दशकात.

स्वभाव मात्र तिरसट. अमेरिकेत जाऊन करिअर करणाऱ्यांनाच बक्षिसं देता म्हणून १९७८ ला सहाच्या सहा जूनो अवॉर्ड, म्हणजे कॅनडातले संगीताचे पुरस्कार, परत केले आणि दहाएक वर्षं गप्प बसला. अवॉर्ड परत केले ते ठीक, पण इतकी वर्षं गाणं बंद ठेवणं मला तरी जास्तच वाटतं. १९८८ ला नवीन अल्बम घेऊन आला, २०१३ ला गेला.

तू सुताराकडून जाड प्लायचा एक तुकडा आण, खाली जुन्या सतरंजीची घडी टाक, आणि खालच्या दुकानदाराला एकदा वर बोलवून चहा पाज.