मस्कतच्या रुवीत राहावं का? आणि रुवीला इतिहास आहे का?

तुमचा प्रश्न असा: मस्कतला नोकरी लागली आहे, बायको-मुलीला घेऊन रुवीत राहावं का, आणि तिथे बघण्यासारखं काही आहे की नुसती कामगारांची जुनी वस्ती?

त्या ‘नुसती’साठी लिहायला बसलो. माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आमचे दादा, मस्कतच्याच अल खुवैर भागात राहायचे आणि रुवीबद्दल हाच शब्द वापरायचे. मी नऊ वर्षं रुवीत काढली आहेत.

आधी इतिहास. रुवीत बैत अल फलज नावाचा पांढरा किल्ला आहे, १८४५च्या सुमाराचा. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी खेळवत आणणारा पाट. जानेवारी १९१५मध्ये आतल्या मुलुखातल्या टोळ्या सुलतान तैमूर बिन फैसलविरुद्ध उठल्या, मस्कतवर चालून आल्या आणि इथे अडल्या. त्यांना अडवणारे ब्रिटिशांच्या हिंदी फौजेचे शिपाई होते. त्यात १०२ ग्रेनेडिअर्स ही जुन्या मुंबई लष्कराची पलटण होती. याच तैमूरने १९३२मध्ये गादी सोडली आणि १९६५मध्ये तो मुंबईत वारला. किल्ल्यात आता सैन्याचं संग्रहालय आहे. पहिल्याच सुट्टीला मुलीला घेऊन जा.

किल्ल्यासमोरच्या सपाटीवर विमानतळ होता. चहूबाजूंनी काळे, उघडे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत विमान उतरायचं. १९७३मध्ये मस्कतच्या पश्चिमेला सीबचा नवा विमानतळ सुरू झाला आणि ह्या मोकळ्या पट्टीवर बँका, कचेऱ्या उभ्या राहिल्या. सुलतान काबूस १९७०मध्ये गादीवर आले, तेव्हा जुन्या मस्कतला शहर वाढवायला जागाच नव्हती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. रुवीत सपाटी मिळाली, म्हणून व्यापार इथे आला आणि त्याच्या मागोमाग आपण आलो.

पण ही सपाटी केली कोणी? पाण्याने. रुवी वादीत वसली आहे, म्हणजे एरवी कोरड्या आणि पावसात अचानक वाहणाऱ्या ओढ्याच्या पात्रात. हे मला ६ जून २००७ला कळलं.

गोनू वादळ येणार हे रेडिओवर सांगत होते. आम्ही तळमजल्यावर, पक्क्या बांधलेल्या नाल्यापासून दोन इमारती सोडून. सकाळी समोरचा म्हातारा ओमानी दुकानदार दार ठोठावून म्हणाला, “वादी जाय.” वादी येतेय. मी म्हटलं, पाऊस तर आत्ता कुठे सुरू झालाय. तो काही बोलला नाही, स्वतःची गाडी चढावर नेऊन लावली. तासाभराने नाल्यातून आवाज यायला लागला. पाण्याचा नव्हे, दगडांचा. काँक्रीटवर दगड आपटत, घरंगळत येत होते. मातीच नसलेला डोंगर पाणी पिणार कुठून, पडेल तेवढं सगळं खाली. वरच्या मजल्यावरच्या पठाणाने मुलीला खांद्यावर घेतलं, बायकोने पासपोर्टची पिशवी, मी काहीच नाही. जिन्यातून वळून पाहिलं तर आमचं पोळपाट तरंगत दाराबाहेर चाललं होतं. पाणी उतरल्यावर भिंतीवर कमरेएवढी रेघ, आणि तांदळाच्या डब्यात पिठीसारखा मऊ गाळ. पुढे नळाला पाणी नाही, कारण समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्पच बंद पडले होते. पठाणाच्या घरी आम्ही सहा दिवस जेवलो.

दादा फोनवर म्हणाले, “तरी सांगत होतो, रुवीत राहू नकोस.” मला ते आजही लागतं. कारण त्याच दिवशी कुरुम बुडालं, आणि कुरुम म्हणजे मस्कतचा श्रीमंत भाग. तिथल्या बंगल्यांना कोणी ‘नुसती वस्ती’ म्हणालं नाही. वादी अदैच्या खिंडीतला रस्ताही वाहून गेला. पाणी घरभाडं बघून शिरत नाही, उतार बघून शिरतं. चूक तळमजल्याची होती, आणि तो मी घेतला होता. रुवीची नव्हती.

तेव्हा राहा, खुशाल राहा. रुवीजवळच्या दारसैत आणि वादी कबीर दोन्हीकडे भारतीय शाळा आहेत, कृष्णमंदिर दारसैतला, भाजी-किराणा पायाखाली. दुसऱ्या मजल्याच्या खाली घर घेऊ नका. जागा बघताना दलालाला विचारू नका, इमारतीच्या वॉचमनला किंवा जवळच्या जुन्या दुकानदाराला विचारा की २००७ला पाणी कुठपर्यंत होतं. तो हात करून दाखवेल. नावावर जाऊ नका, वादी कबीर म्हणजे मोठी वादी, पण तिथेही चढावर उत्तम घरं आहेत.

एक सांगायचं राहिलं. मी २०१०ला परत आलो. भाडी, रहदारी, पार्किंग यांचं आजचं मला विचारू नका. आणि खिडकीतून समुद्र हवा असेल तर दादांचं ऐका, रुवीत तो दिसत नाही. डोंगर दिसतात, संध्याकाळी तांबूस होणारे. माझी मुलगी चित्रात अजूनही डोंगर काढते ते तसेच, एकाही झाडाशिवाय.