टोपणनावाने त्रास देणाऱ्याचे खरे नाव आणि पत्ता जाहीर करण्यात गैर काय?

एक जण टोपणनावाआडून आपल्याविषयी सतत गलिच्छ लिहीत आहे, त्याचे खरे नाव आणि पत्ता आपल्या हाती लागला आहे, मग तो चारचौघांत जाहीर करण्यात गैर काय, असे आपण विचारले आहे. आपला संताप मी समजू शकतो. तरीही माझे उत्तर 'जाहीर करू नका' असेच आहे, कारण मी स्वतः अगदी त्या कड्यापर्यंत जाऊन परत फिरलो आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीला असाच त्रास देणाऱ्या खात्याचा मी माग काढला. त्यावरच्या दोन छायाचित्रांत एकच खिडकी होती, तिच्या वरच्या काचेला तिरका तडा गेलेला होता, आणि तेवढ्या धाग्यावरून मी एका माणसाचे घर आणि कामाचे ठिकाण शोधून काढले. मजकूर लिहून तयार होता. पाठवण्यापूर्वी सहज तारखा पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की ती छायाचित्रे या माणसाच्या स्वतःच्या खात्यावर वर्षभर आधीपासून होती. त्रास देणाऱ्याने ती तिथून उचलली होती. एका निरपराध माणसाच्या दारात मी जमाव धाडणार होतो. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर लोकांनी छायाचित्रे ताडून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवले होते. त्याचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता, तो आधीच मरण पावला होता, आणि त्याच्या शोधात असलेल्या घरच्यांनाच लोकांचा रोष सोसावा लागला.

आपला शोध अचूक असला, तरी त्या पत्त्यावर त्याचे आईवडील किंवा मुलेही राहत असतील, आणि अनोळखी माणसे तिथे जाऊन काय करतील यावर आपला ताबा राहणार नाही. लिहिलेले वाक्य मागे घेता येते. शेकडो फोनांत जाऊन बसलेला पत्ता मागे घेता येत नाही. नेदरलँड्समध्ये तर १ जानेवारी २०२४ पासून, धाक घालण्याच्या हेतूने कोणाची वैयक्तिक माहिती पसरवणे, म्हणजेच डॉक्सिंग, हाच गुन्हा आहे.

टोपणनावांवरच बंदी हवी, हेही मला पटत नाही. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यासाठी ओळख पटवणे सक्तीचे केले होते. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. घरात मार खाणारी स्त्री किंवा वरिष्ठांचा गैरव्यवहार उघड करणारा कर्मचारी खऱ्या नावाने लिहूच शकत नाही.

याचा अर्थ त्याला मोकळे सोडावे असा नाही. प्रत्येक मजकुराचा स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा, संकेतस्थळाकडे तक्रार करा आणि पोलिसांत लेखी अर्ज द्या. खात्यामागची नोंद कायद्याने मागवण्याचा मार्ग त्यांच्याकडे असतो. आपल्याला सापडलेले नावही त्या अर्जातच लिहा. ते चुकीचे निघाले, तर निदान त्या कागदापुरतेच राहील.