उसन्या खोल्यांतलं कॉलेज

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडे आपल्या लोकांच्या हातातलं कॉलेज काढायचं म्हणतेस आणि पहिला प्रश्न विचारतेस तो जागेचा. जागेचं नंतर बघू. आधी तुला दिने कॉलेजबद्दल सांगतो.

अमेरिकेत ॲरिझोनाकडे नवाहो लोकांचा मुलूख आहे. ते स्वतःला दिने म्हणवतात. सरकारी निवासी शाळांत आपली भाषा बोलली म्हणून त्यांच्या मुलांनी मार खाल्ला. पुढे बाहेरच्या विद्यापीठांत गेलेली कितीतरी मुलं शिक्षण अर्धवट सोडून घरी परतायची. शेवटी १९६८ साली नवाहोंच्या शासनाने स्वतःचंच कॉलेज स्थापन केलं. आदिवासींनी स्वतः चालवलेलं तिथलं हे पहिलं कॉलेज. १९६९च्या जानेवारीत वर्ग भरले तेव्हा इमारत नव्हती. मेनी फार्म्स गावातल्या एका सरकारी निवासी शाळेच्या खोल्या उसन्या घेतल्या होत्या. मात्र नियामक मंडळ त्यांचं होतं आणि काय शिकवायचं हे तेच ठरवत होते. त्याच वर्षी नेड हटाथली हे नवाहो गृहस्थ अध्यक्ष झाले.

त्सेली या गावी कॉलेजला स्वतःचा परिसर मिळाला तो १९७३मध्ये. त्यांचं पारंपरिक घर, होगान, गोलसर असतं आणि दार पूर्वेला. परिसराची आखणीही तशीच गोल केली, आणि मधली सहा मजली काचेची इमारतही होगानचाच घाट घेऊन उभी राहिली. हे मला फार मोलाचं वाटतं, पण क्रम लक्षात घे: आधी अधिकार, मग भिंती.

पैशाची बाजूही त्यांनी नशिबावर सोडली नाही. १९७१मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेतला, म्हणजे अनुदान कुणाच्या मेहेरबानीवर राहिलं नाही. १९७८च्या कायद्याने इतर जमातींनाही ती वाट खुली झाली. आज तिथे अशी तीसहून अधिक कॉलेजं आहेत. तेव्हा देणगीदार शोधण्याआधी कायद्याची पुस्तकं उघड.

माझ्या वर्गात एक मुलगा वर्षभर गप्प बसायचा. एकदा मोहाचं फूल टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, गोंडीत सांग. पहाटे फुलं कशी गळतात, झाडाखालची जागा आधी का झाडून ठेवायची, वाळवण किती दिवसांचं, सगळं सांगितलं त्याने. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत मात्र तो नापास झाला, कारण प्रश्न कुणी त्याला कळेल असा विचारलाच नव्हता. तो निकाल अजून मला टोचतो. तुझ्या कॉलेजात प्रश्नपत्रिका कोण काढणार, हे आत्ताच ठरव.

तुमच्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तिथे आठवडाभर राहून ये. वही भरून आण. मग दिवाळीत इकडे ये, नियामक मंडळाचा मसुदा आपण दोघं बसून लिहू.

तुझा,
सर